तारामतीची मंगोलियन, सिताबाईची इटालियन

“मग ह्या दोनीतली सोपी कंची, त्ये सांग की पोरी आदी. बाकीचं म्हागून.”

“तसं एका शब्दात नाही सांगता येत, मावशी.”

“काहून? शेरडू इकत घेताना आमी दात बगून सांगतावच की. ही कवळी, ही जून. भाषेला दात नसत्यात व्हय?”

वर्गातल्या सगळ्या बायका हसल्या. विचारणारी तारामती मात्र हसली नाही. तिनं खरंच विचारलं होतं.

तारामतीचं वय असेल पंचेचाळीस-सेहेचाळीस. उंच, काटक बाई. डाव्या कानाची पाळी फाटलेली. एका करडानं कानातलं फूल पाला समजून ओढलं होतं, त्याची ती खूण. येरमाळ्याच्या वरच्या अंगाला, माळावर आमचं गाव. तिथं कुणाची शेळी अडली, करडू आडवं आलं, की दवाखान्याच्या आधी तारामतीला हाक जाते. हात तिचा लांब आणि निमुळता. शेळ्यांतलं कळावं तर तिलाच, हे गावात कुणी नाकबूल करत नाही.

ज्या पोरीला तिनं धारेवर धरलं होतं ती शिवांजली. धाराशिवच्या शेळीपालक बायकांच्या संस्थेत कामाला. त्या दिवशी गावच्या शेळीगटाच्या अकरा बायका शाळेत लेकरांच्या बाकांवर गुडघे मोडून बसल्या होत्या, आणि शिवांजलीनं फळ्यावर मधोमध रेघ मारून एकीकडं लिहिलं होतं इटालियन, दुसरीकडं मंगोलियन.

बातमी अशी होती. महिन्याभरानं गावात दोन पाहुण्या येणार. एक इटलीची, ओर्नेल्ला नावाची. तिच्या दोनशे शेळ्या, दुधाचं चीज करून विकते. दुसरी मंगोलियाची ओयुन. तिकडं थंडी अशी, की शेळीच्या अंगावर केसांच्या खाली मऊ लव येते. ती विंचरून काढायची आणि त्याची लोकर करायची, हा तिचा धंदा. दोघींना आमची उस्मानाबादी शेळी बघायची होती. आठ दिवस राहणार, ते लॉजवर नाही, गावात, कुणाच्या तरी घरात. आणि संस्थेनं अट घातली होती: पाहुणीच्या भाषेतली पन्नास वाक्यं जिला न बघता म्हणता येतील, तिच्या घरी ती पाहुणी. त्या त्या भाषेत सोप्याशा गोष्टी सांगायच्या, एवढंच.

“हे बघा,” शिवांजली खडू घेऊन म्हणाली, “इटालियनची लिपी एबीसीडीचीच. जसं लिहिलं तसंच बरंचसं वाचायचं. शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा तोंड उघडं राहतं. काप्रा म्हणजे शेळी. एकीपेक्षा जास्त झाल्या की काप्रे. त्यांच्यात वस्तूसुद्धा एक तर बाप्या नाहीतर बाई. ते आपल्याला जड जाणार नाही. आपल्यात तर तीन आहेत.”

“तीन कंचे गं?”

“तो दगड, ती चूल, ते भांडं.”

“व्हय की! ह्ये कवा ध्येनातच आलं न्हाय.”

“अडचण एवढीच, की क्रियापद मधे येतं. आपण म्हणतो, मी पाणी पिते. ते म्हणतात, मी पिते पाणी. आणि मी, तू, ती, आम्ही, प्रत्येकाला क्रियापद बदलत जातं.”

“आन त्या दुसरीचं?” तारामती.

“मंगोलियनचं उलटं आहे. वाक्य आपल्यासारखंच. बी उस ऊना. बी म्हणजे मी, उस म्हणजे पाणी, ऊना म्हणजे पिते. जागच्या जागी. बाप्या-बाई काही भानगड नाही. मी पिते, तू पितोस, ती पिते, सगळ्यांना ऊनाच. आपण शेळीला, शेळीनं, शेळीहून म्हणतो, तसं त्यांच्यातही शब्दाच्या मागं चिकटवायचं.”

“मग ही सोपी की!”

“पण बोलायला अवघड. अक्षरं रशियावाल्यांची, पस्तीस. जुनी लिपी तर वरून खाली लिहितात. बोलताना शब्दामधले स्वर गिळून टाकतात, त्यामुळं ऐकलेलं ध्यानात राहत नाही. ल म्हणताना जीभ टाळूला लावायची आणि दोन्ही गालांतनं वारा सोडायचा. शिवाय त्यांच्यात स्वर दोन जातींचे, गडी स्वर आणि बाई स्वर. एका शब्दात दोन्ही एका ठिकाणी बसत नाहीत.”

मागच्या बाकावरची गौराबाई म्हणाली, “लग्नाच्या पंगतीवानी हाय म्हणा. गडी उठल्याबिगर बायका बसायच्या न्हाईत.”

“अगदी तसंच!” शिवांजली म्हणाली. “आता शेवटचं. इटालियन शिकायला मोबाईलवर फुकट सोय आहे, गाणी आहेत, सिनेमे आहेत. मंगोलियन शिकवणारा माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. ओयुन स्वतः बोलून आवाज पाठवेल, तेवढ्यावरच भागवायचं. आता ज्यांना इटालियन शिकायचीय त्यांनी हात वर करा.”

सगळ्यात आधी बांगड्या वाजल्या त्या सिताबाईच्या. मग एकेक करत दहा हात वर झाले. तारामतीचा हात मांडीवरून निम्मा उचलला होता. तिनं सिताबाईच्या हाताकडं बघितलं आणि आपला खाली घेतला.

“मला मंगोली लिव,” ती म्हणाली.

“काहून गं तारे?” गौराबाई.

“बिनविरोध हाय.”

*

सिताबाई तारामतीची जाऊ. सख्खी नव्हे, चुलत. दोघींचे सासरे भाऊ-भाऊ. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. पण विटा कमी पडल्या म्हणा की भाऊ दमले म्हणा, भिंत पत्र्यापर्यंत पोचलीच नाही. वर हातभर फट राहिली. त्या फटीतनं पंचवीस वर्षं एकीचा ठसका दुसरीकडं आणि दुसरीची कुजबूज पहिलीकडं ये-जा करते.

सिताबाईचा नवरा योगीराज एसटीवर ड्रायव्हर. कळंब-तुळजापूर करतो. तारामतीचा बलभीम शेतावर. योगीराजनं पुढं दोन खोल्या वाढवल्या, फरशी घातली, संडास बांधला. बलभीमच्या घराला पत्रा बदलला, तेवढंच. तारामतीचं दुखणं मात्र फरशीचं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर यायचा तो तारामतीच्या शेळ्या बघायला, आणि चहाला बसायचा सिताबाईच्या फरशीवर. धाराशिवची माणसं शेळ्यांचे फोटो काढायची तारामतीच्या दावणीला, आणि हात धुऊन जेवायची पलीकडं. कुणी मुद्दाम करत नव्हतं. तिकडं खुर्च्या होत्या, पंखा होता. पण पंचवीस वर्षांत तारामतीच्या घरी नातलग सोडून एक पाहुणा म्हणून मुक्कामाला राहिला नव्हता.

आणि सिताबाईच्या दारातल्या सहा शेळ्या? त्या कुणाच्या? तारामतीनंच तिला एक पाठ, म्हणजे कवळी शेळी, अर्धलीनं दिली होती, निम्मी करडं हिची, निम्मी तिची. पाठीची शेळी झाली, शेळीच्या पिढ्या झाल्या. आपल्याच शेळीच्या नाती-पणती भिंतीपलीकडं ओरडलेल्या ऐकायच्या आणि गप बसायचं, हे रोजचं होतं.

म्हणून तिला ती पाहुणी पाहिजे होती. इटलीची असो, मंगोलियाची असो, चंद्रावरची का असेना. आपल्या उंबऱ्यातनं आत येणारी, आपल्या घोंगडीवर बसणारी, आपल्या हातची भाकरी खाणारी. आठ दिवस.

*

पहिले दहा दिवस तारामतीनं झटून केलं. ओयुनचा आवाज बलभीमच्या मोबाईलवर यायचा. सोबत इंग्रजीत आलेला अर्थ शिवांजली खाली मराठीत लिहायची. तारामती शेळ्या घेऊन माळाला गेली की मोबाईल कनवटीला, आणि एकच वाक्य शंभरदा.

“सैन बैनू.” म्हणजे बरी हायस का.

“बी आर्वन नेगेन यामाताई.” मी अकरा शेळ्यांसकट, म्हणजे मला अकरा शेळ्या हायत. हे वाक्य तिला फार पटलं. माणूस शेळ्यांसकटच असतो, असं तिचं म्हणणं.

सगळ्यात आवडलं ते तिसरं. “मल सुरेग तारगन ऊ?” तिकडं कुणी कुणाला भेटलं की पहिल्यांदा विचारतात, जनावरं अंगानं भरल्यात का? लेकरं कशी, नवरा कसा, ते नंतर.

“ह्ये खरं बोलणं,” ती बलभीमला म्हणाली. “आपल्यात बगा. आल्याआल्या, च्या झाला का. च्याचं काय घिऊन बसलेत लोक.”

पण ल म्हणताना गालातनं वारा सोडायची तिची तऱ्हा ऐकून शेळ्या चरायच्या थांबायच्या. एकदा एक बोकड तर मागच्या पायांवर उभाच राहिला. सासू लक्ष्मीबाई, ऐंशीची, कान असे की तिसऱ्या घरात रवंथ चाललेलं ऐकावं. ती म्हणाली, “सुनबाई, तू बोलू लालीस की दम लागलाय तुला?”

आणि पलीकडं?

पलीकडं दुपारी दोनला सिताबाईची इटालियन सुरू व्हायची. तिची पोरगी सृष्टी धाराशिवला कॉलेजात. ती रोज मोबाईलवरनं आईची परीक्षा घ्यायची. आठवड्याभरात बाकीच्या नऊ बायकांनी नाद सोडला होता. पण सोडून त्या गेल्या कुठं, तर सिताबाईच्या फरशीवर, ती बोलते ते ऐकायला. बेन्वेनूता म्हणे. बुओन्जोर्नो म्हणे. प्रत्येक शब्दाच्या शेवटी आ, ए, ओ. लाह्या फुटाव्यात तशी जीभ. बायका म्हणायच्या, “आगं, गाणं म्हणायलीस का बोलायलीस?” आणि हसायच्या. ते हसणं भिंतीवरच्या फटीतनं तारामतीच्या चुलीवर येऊन पडायचं.

तारामतीची मंगोलियन ऐकायला एक माणूस आलं नव्हतं.

“तिची भाषा कशी वाटाण्यावानी गडगडती,” लक्ष्मीबाई एकदा म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तारामतीनं हातातली भाकरी तव्यावर अशी आपटली, की कड तुटली.

त्या दिवसापासनं सोळाव्या वाक्यावर तिची मंगोलियन थांबली. ओयुनचे आवाज मोबाईलवर येत राहिले, ती उघडीनाच. दुपारी दोनला शेळ्या लवकर आणून बांधायची, भिंतीला पाठ लावून बसायची आणि पलीकडचं जसंच्या तसं ओठातल्या ओठात म्हणायची. सिताबाई एकेक वाक्य वीस-वीसदा घोकायची, त्यामुळं हिला सोपंच गेलं. आणि शेवटी एकदा सृष्टी म्हणायची, “आता सगळं सलग,” आणि सिताबाई सलग म्हणायची. तेवढं सलग तारामतीनं पाठ केलं. अर्थ माहीत नव्हता. त्यातला एक काप्रे तेवढा कळायचा.

बलभीमनं बघितलं. “आगं, तुजी ती न्हवं. तुजी दुसरी.”

“तुमी गप बसा.”

“पर अर्थ म्हाईत न्हाय आन…”

“आरतीचा अर्थ म्हाईत हाय का तुमाला? म्हंताव का न्हाय दर मंगळवारी, टाळ्या वाजवून? लागती ना देवीला?”

बलभीम वैरण टाकायला गेला.

तिचा बेत साधा होता. पाहुण्या आल्या की आधी ओवाळायचं. भावकीत ओवाळायचा पहिला मान थोरल्या जावेचा, आणि थोरली तारामती. ताट तिच्या हातात. सिताबाई मागं उभी राहणार. ओवाळून झालं की लगेच तिची सगळी इटालियन तिच्या आधी, तिच्या तोंडावर, गावासमोर म्हणून टाकायची. मग हिनं काय म्हणायचं? तेच परत? उष्टं? मंगोलियावाली तर आपलीच, बिनविरोध. सोळा वाक्यांत कुणी मोजायला बसतंय थोडंच. आणि जमलंच तर दोघी आपल्या घोंगडीवर.

घोंगडी तिनं धुऊन वाळत घातली. जमीन दोनदा सारवली. चाकणला असलेल्या दोन्ही पोरांना फोन करून सांगितलं, की घरी परदेशी पाहुणे येणार हायत, आठ दिवस फोन करू नगा, मला सवड न्हाय.

*

जीप आली ती सकाळी दहाला, शाळेपुढं. हलगी वाजली. सरपंचांनी फेटे आणले होते. ओर्नेल्ला लालगुलाबी, गुबगुबीत, केस आखूड. ओयुन ठेंगणी, रुंद हाडाची, उन्हानं गाल रापलेले. ती जीपमधनं उतरल्याउतरल्या माणसांकडं न बघता लांबवर माळाला चरणाऱ्या शेळ्यांकडं बघत उभी राहिली.

तारामतीनं ताट धरलं. कुंकू लावलं. ओवाळलं. सिताबाई तिच्या मागं, नव्या पातळात, ओठ हलवत. आणि शिवांजली माईक घेऊन बाजूला, कारण गावाला कळावं म्हणून तिला सगळं मराठीत सांगायचं होतं.

तारामतीनं ताट बाजूच्या बाईकडं दिलं, पदर खोचला आणि ओर्नेल्लापुढं उभी राहून सुरू केलं.

“बुओन्जोर्नो. बेन्वेनूता आ काझा मिया.”

मागं सिताबाईचे ओठ थांबले. ओर्नेल्लाचे डोळे मोठे झाले, तिनं दोन्ही हात गालांना लावले. शिवांजलीही चकित. “मावशी म्हणतात, माझ्या घरी तुमचं स्वागत!” टाळ्या पडल्या. तारामतीनं मान वळवून एकदा जावेकडं बघून घेतलं आणि गाडी सोडली.

“मियो मारीतो फा लाउतिस्ता.”

“मावशी म्हणतात…” शिवांजली जरा अडली. “माझे मालक ड्रायव्हर आहेत.”

सगळ्या माना बलभीमकडं वळल्या. बलभीमला सायकलसुद्धा येत नाही.

“मिया स्वोचेरा ए सोर्दा.”

“माझी सासू… बहिरी आहे.”

“कोण बहिरी?” पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरनं लक्ष्मीबाई कडाडली. “कुणाला म्हनायली गं ही बहिरी?”

बहिरी होती ती सिताबाईची सासू. ती तिथंच शेजारी शांत बसली होती, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आता हसायला सुरुवात झाली होती. तारामतीला वाटलं, कौतुकानं हसतात. आणि वाटलं नसतं तरी तिला थांबता येत नव्हतं. आरती मधनं तोडली तर परत पहिल्यापासनं म्हणावी लागते, तसं ते पाठांतर. ती मोठ्यानं म्हणत गेली, आणि शिवांजली खाली बघत, आवाज बारीक करत सांगत गेली. मला एक मुलगी आहे. ती धाराशिवला कॉलेजात शिकते. माझ्या सहा शेळ्या आहेत.

“आगं तारे, बाकीच्या पाच कुटं गेल्या?” गौराबाई मागनं ओरडली, आणि सगळी शाळा फुटली. सरपंच फेटा तोंडावर धरून हसत होते.

आता तिला कळलं. ओयुननं पाठवलेली वाक्यं कशी, कुणालाही चालतील अशी होती. बरी हायस का, जनावरं कशी हायत, फार तर शेळ्यांचा आकडा तेवढा आपला घालायचा. भाषा शिकायची म्हणजे तीच ठरलेली वाक्यं सगळ्यांनी म्हणायची, असं तिनं धरलं होतं. सिताबाईनं आणि सृष्टीनं बसून आपल्या घरचं, आपल्या माणसांचं जुळवलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण शेवटची दोन वाक्यं जिभेवर येऊन बसली होती, ती निघून गेलीच.

“मिया कोन्याता आबीता द्येत्रो इल मूरो. लेइ कापीशे ले काप्रे प्यू दि मे.”

शिवांजलीनं माईकवर हात ठेवला.

“सांग की,” सरपंच म्हणाले. “काय म्हनली?”

“माझी जाऊ भिंतीपलीकडं राहते. शेळ्यांतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

हसणं एकदम कमी झालं. सगळ्यांच्या ध्यानात आलं, की ही वाक्यं सिताबाईनं तारामतीबद्दल केली होती. आणि तारामतीनं ती भर गावात, माईकवर, स्वतःच्या तोंडानं सिताबाईला देऊन टाकली.

दुसरी एखादी असती तर तिथं तिचे डोळे भरले असते. तारामतीचे नाही भरले. तिनं जावेकडं बघितलं ते असं, की हिनं माझ्या मागं माझं चांगलं बोलावंच कशाला? वाईट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. आता भांडायलाही जागा ठेवली नाही बाईनं.

सिताबाईनं मघापासनं तोंडावर धरलेला पदर काढला. ती हसली नव्हती. माईककडं वळून म्हणाली, “जाऊ द्या. माज्या दारातली समदी शेरडं आक्काच्याच शेळीची हायत. म्या त्येंची शेरडं घेतली, त्येंनी माजी भाषा घेतली. फिट्टंफाट.”

मग जे हसले, ते आधीपेक्षा मोठ्यानं.

शिवांजलीनं तरी एक संधी दिली. “मावशी, मंगोलियन म्हणा ना. ओयुनताई वाट बघतायत.” तारामती ओयुनपुढं उभी राहिली. ओयुन मान पुढं काढून ऐकत होती. सैन बैनू झालं. अकरा शेळ्या झाल्या. तिसरं झालं. दहाव्याला मधेच सिताबाईचं बेन्वेनूता घुसलं, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मोजायला कुणी बसणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण शिवांजलीच्या हातात कागद होता आणि ती खुणा करत होती.

“नऊ,” शिवांजली हळूच म्हणाली. “मावशी, पन्नास हवी होती हो.”

सिताबाईची पन्नासच्या वर झाली. ओर्नेल्ला तिच्याकडं. ओयुनचं काय, यावर सरपंच आणि शिवांजली कोपऱ्यात बोलले. दोन खोल्या, संडास, फरशी, शिवाय दोघी बायका वाटेत एकमेकींना सरावलेल्या. दोन्ही बॅगा सिताबाईच्या घरी गेल्या. तारामती पुढं चालत होती, तिच्या दारावरनंच बॅगा पलीकडच्या दारात गेल्या.

बलभीमनं वाळलेली घोंगडी काढून घडी घातली. शहाणा माणूस.

“आक्का,” संध्याकाळी फटीतनं सिताबाईचा आवाज आला, “जेवायला या की इकडंच. समदीच बसू.”

“मला भूक न्हाय.”

“कोंबडी केलीय.”

“मग तर न्हायच.”

*

सकाळी तिनं अकरा शेळ्या सोडल्या. माळाला जायला मागनं वाट होती. तारामतीनं शेळ्या पुढच्या वाटेला घातल्या, सिताबाईच्या दारावरनं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ओट्यावर ओर्नेल्ला पितळीतून चहा पीत होती. सिताबाई तिला भाकरी थापून दाखवत होती, आणि दोघींची इटालियन कशी वाहत होती. शेळ्यांचा आवाज ऐकला तशी ओयुन आतनं निघाली आणि कुणाला न विचारता कळपात घुसली. एका शेळीचा मागचा पाय धरला, ओठ वर करून दात बघितले, कास चाचपली, सोडली. दुसरी धरली. तारामती बघत राहिली. हात सराईत होता. हे शहरातल्या फोटो काढणाऱ्यांचं बघणं नव्हतं.

तारामतीनं जरा घसा साफ केला आणि ओट्यावरच्या दोघींना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

“मल सुरेग तारगन ऊ?”

ल अगदी गालातनं वारा सोडून.

ओयुन ताठ उभी राहिली. मग तिचा चेहरा पसरला, आणि ती भराभर बोलत सुटली, तारगन, तारगन, आणि पुढं काय काय. तारामतीला त्यातलं एक यामा, म्हणजे शेळी, तेवढं कळलं. तरी तिनं प्रत्येक वेळी मान हलवली, सगळं कळल्यासारखी. ओट्यावर सिताबाईचे पिठाचे हात थांबले होते. तारामतीनं ते बघितलं. एवढं बघायला मिळालं, तेवढ्यावर ती कळप घेऊन पुढं झाली. ओयुन मागनं चालत आली.

माळावर गेल्यावर मात्र बोलणं संपलं. तारामतीची वाक्यं नऊ नाहीतर सोळा, ती अर्ध्या वाटेतच खर्ची पडली होती. ओयुननं एका काळ्या शेळीच्या पोटाखाली बोटं विंचरून बघितली, लव निघते का ते. काही निघालं नाही. तिनं रिकामी बोटं तारामतीला दाखवली आणि हसली.

तारामतीला राग आला. “लव नसंल बाई. उनाचा मुलूख हाय आमचा. पर ह्ये बग.” तिनं तीच शेळी गुडघ्यात धरली, ॲल्युमिनियमच्या वाटीत चार पिळ्या धार काढली आणि वाटी पुढं केली. ओयुन वाटी दोन्ही हातांनी धरून प्याली, ओठ पुसले आणि काहीतरी म्हणाली. चांगलं असावं. तारामतीनं चांगलं धरलं.

मग दोघी बांधावर बसल्या. एक शेळी लांब गेली तर दोघी एकदमच उठल्या, आणि तारामतीनं हातानं तिला बसवलं. माझी शेळी मीच वळवून आणणार.

ऊन वर आलं तशी खालनं सृष्टीची हाक आली. सुट्टीला आली होती ती. “ओयुनताईऽ! जेवायला चला, आईनं पुरण घातलंय!”

ओयुन उठली. तारामतीच्या दंडाला हात लावला, काहीतरी बोलली आणि खाली निघाली. उतारावरनं ती थेट सिताबाईच्या दाराकडं जाताना तारामतीला शेवटपर्यंत दिसत होती. दारात सिताबाई उभी. आता खुर्ची पुढं करणार. पंखा लावणार. तूप वाढणार, आणि ही खाणार. आपल्या घरात कालची भाकरी आणि खर्डा. नेऊन बसवायला घोंगडी घडीत पडलेली.

“जा,” ती मोठ्यानं म्हणाली. “हान पुरण.”

पायाशी दोन करडं बाभळीच्या बुंध्याला पुढचे पाय लावून वर बघत ओरडत होती. तारामतीनं लांब वेळूची आकडी उचलली, वर एका फांदीला घातली आणि सगळ्या अंगानं ओढली. फांदी तडकून खाली आली. तिनं आकडी सोडवली आणि दुसऱ्या फांदीला घातली.